वाचकांचे प्रश्न : सधन घरातल्या मुलांना सरकारी भत्ता कशासाठी?

ब्रिटनमध्ये सोळा वर्षांखालच्या आणि शिक्षण चालू असल्यास वीस वर्षांखालच्या मुलांमागे सरकार 'चाइल्ड बेनिफिट' नावाचा भत्ता देते. २०२५-२६ या आर्थिक वर्षात पहिल्या मुलासाठी आठवड्याला २६.०५ पौंड आणि पुढच्या प्रत्येक मुलासाठी १७.२५ पौंड असा त्याचा दर होता. घरातल्या दोघांपैकी एकाचेही वार्षिक उत्पन्न ६०,००० पौंडांच्या वर गेले, की हा भत्ता कराच्या वाटेने परत घेतला जाऊ लागतो आणि ८०,००० पौंडांना तो पूर्ण परत जातो. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे थोडक्यात देऊन त्यांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझा मुलगा आणि सून अनेक वर्षांपासून लंडनजवळ स्थायिक आहेत. दोघेही चांगले कमावतात. नातवाच्या नावाने त्यांना दर चार आठवड्यांनी सरकारकडून पैसे येतात आणि ते दोघे ते सरळ बचत खात्यात टाकून मोकळे होतात. ज्यांना गरज नाही त्यांना सरकारने पैसे का द्यावेत? मला हे पटत नाही. — एक निवृत्त शिक्षिका, सातारा

आपली शंका रास्त आहे, आणि ती ब्रिटनमध्येही वारंवार विचारली गेली आहे. २०१० साली तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी जास्त दराने कर भरणाऱ्यांचा हा भत्ता बंद करण्याची घोषणा केली, तेव्हा त्यांचा मुद्दा जवळजवळ आपल्याच शब्दांतला होता : कमी पगाराच्या माणसाकडून कर घ्यायचा आणि त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक कमावणाऱ्याच्या मुलांसाठी तो वाटायचा, याचे समर्थन करणे अवघड आहे. ऐकताक्षणी पटावे असेच हे बोलणे आहे. तरीही माझे मत त्याच्या विरुद्ध आहे, आणि त्याचे कारण या भत्त्याच्या इतिहासात आहे.

दुसरे महायुद्ध संपत आले असताना, १९४५ साली, ब्रिटिश संसदेने कुटुंबभत्त्याचा कायदा केला. त्यामागे एलिनॉर रॅथबोन या खासदारबाईंची पाव शतकाहून अधिक काळची चिकाटी होती. मूळ विधेयकात पैसे वडिलांच्या हाती जाणार होते; रॅथबोन यांनी आग्रह धरला आणि ते आईच्या हाती जातील असा बदल संसदेने करून घेतला. ऑगस्ट १९४६ मध्ये पहिले पैसे वाटले गेले : दुसऱ्या मुलापासून पुढे प्रत्येकी आठवड्याला पाच शिलिंग. रॅथबोन त्याच वर्षीच्या जानेवारीत वारल्या होत्या.

या भत्त्याच्या जोडीला तेव्हा आणखी एक व्यवस्था होती, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात आहे. मुले असणाऱ्या करदात्याला प्रत्येक मुलामागे करपात्र उत्पन्नातून ठरावीक वजावट मिळत असे. म्हणजे सारखाच पगार असलेल्या दोन सहकाऱ्यांपैकी एकाला तीन मुले असतील आणि दुसऱ्याला एकही नसेल, तर पहिल्याला कर कमी पडे, कारण त्याच पगारात त्याला पाच जणांचे भागवायचे आहे हे करखाते मान्य करीत होते. या वजावटीत दोन खोटी होत्या. ती बहुतेक घरांत वडिलांच्या पगारात जमा होई, आणि ज्याचा पगार करपात्रच नव्हता अशा गरिबाला तिचा काडीचाही उपयोग नव्हता. म्हणून १९७५ च्या कायद्याने ही वजावट आणि जुना कुटुंबभत्ता दोन्ही एकत्र करून पहिल्या मुलापासून सर्वांना मिळणारा आजचा भत्ता निर्माण केला. तो कायदा बार्बरा कासल यांनी मंत्री असताना मांडला होता.

त्याची अंमलबजावणीही सुखासुखी झाली नाही. वजावट गेली की पुरुषांच्या हाती पडणारा पगार कमी दिसेल आणि कामगार संघटना बिथरतील, या धास्तीने १९७६ साली मजूर पक्षाच्याच सरकारने ही योजना लांबणीवर टाकायचे ठरवले. मंत्रिमंडळातले कागद फुटले, बालदारिद्र्याविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेचे तेव्हाचे संचालक फ्रँक फील्ड यांनी 'न्यू सोसायटी' या साप्ताहिकात ते उघड केले, आणि सरकारला माघार घेऊन १९७७ पासून टप्प्याटप्प्याने भत्ता सुरू करावा लागला. एप्रिल १९७९ मध्ये तो पूर्ण रूपात आला तेव्हा प्रत्येक मुलामागे आठवड्याला चार पौंड मिळू लागले.

हे सगळे सांगण्याचे कारण असे, की आपल्या सूनबाईंच्या खात्यात जमा होणारे पैसे ही निव्वळ खैरात नाही. त्यातला बराच भाग म्हणजे पूर्वीची करसवलतच आहे; फक्त ती वडिलांच्या पगारपत्रकातून निघून आईच्या हाती आली आहे. सधन घरांना भत्ता नको असे म्हणताना आपण श्रीमंत आणि गरीब यांची तुलना करीत असतो, पण त्याच वेळी मुले असलेला श्रीमंत आणि मुले नसलेला श्रीमंत यांच्यातला फरक नकळत पुसून टाकतो. सरकारला वरच्या वर्गाकडून अधिक पैसा हवा असेल तर कराचा दर वाढवण्याचा मार्ग खुला आहे; तो सगळ्याच श्रीमंतांकडून पैसा घेईल. भत्ता काढून घेतला तर तेवढाच पैसा फक्त पोरवडा असलेल्या घरांकडून घेतला जातो. ज्यांच्या घरात मूल नाही अशा लक्षाधीशाला या काटकसरीची झळही लागत नाही, आणि हेच मला मुळात खटकते.

शिवाय ब्रिटनमध्ये सरकारी शाळा आणि सरकारी दवाखाना उत्पन्नाचा दाखला न मागता सर्वांसाठी खुले आहेत. तिथल्या धनिकाचे मूल सरकारी शाळेत फुकट शिकते म्हणून कोणी नाक मुरडत नाही. सर्वांचा वाटा असलेल्या सेवेची राखणही सर्व जण करतात, आणि जी योजना केवळ गरिबांची उरते तिच्यावर कात्री चालवताना राजकारण्यांना फारशी भीती वाटत नाही.

आपल्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. तिजोरीत पैसा मोजकाच असेल तर तोच पैसा गरीब मुलांवर एकवटल्याने दारिद्र्य अधिक कमी होते, याबद्दल वाद नाही. कॅनडाने २०१६ साली नेमके हेच केले : सर्वांना सारखा मिळणारा भत्ता बंद करून कुटुंबाच्या उत्पन्नानुसार कमी-जास्त होणारा नवा भत्ता सुरू केला, आणि खालच्या उत्पन्नाच्या घरांना तो भरघोस दिला. याउलट पोलंडने २०१६ साली पहिल्या मुलासाठी ठेवलेली उत्पन्नाची अट २०१९ मध्ये उठवली, आणि जपानने ऑक्टोबर २०२४ पासून आपल्या बालभत्त्यावरची उत्पन्नमर्यादा काढून टाकली. दोन्ही देशांना घटत्या जन्मदराची चिंता आहे, हा त्यामागचा वेगळा हेतू. जर्मनीची रीत मला सर्वांत सरळ वाटते. तिथे भत्ता सर्वांना मिळतो, आणि वर्षाअखेरीस करखाते स्वतःच हिशेब करून पाहते की या कुटुंबाला भत्ता अधिक लाभाचा आहे की मुलामागची करवजावट. जे अधिक असेल ते पदरात पडते. मुलामागे करात सूट देणे हा करपद्धतीच्या न्यायाचाच भाग आहे, हे जर्मनीने उघडपणे स्वीकारले आहे.

राहिला मुद्दा आपल्या मुलाचा आणि सूनबाईंचा. दोघांपैकी कोणाचेही उत्पन्न ६०,००० पौंडांच्या वर नसेल, तर ते पैसे त्यांच्या हक्काचे आहेत. नातवासाठी बाजूला ठेवण्यात गैर काही नाही.

प्रश्न : मी एकटा कमावतो, वर्षाला ८०,००० पौंड. पत्नी दोन लहान मुलांमुळे घरी असते. आम्हाला भत्त्यातले काहीच उरत नाही. शेजारच्या घरात नवरा-बायको दोघेही प्रत्येकी ५९,००० कमावतात आणि त्यांना पूर्ण भत्ता मिळतो. हा न्याय आहे का? यातून काही वाट आहे का? — एक वाचक, रेडिंग

न्याय नाही. दोन मुलांचा भत्ता २०२५-२६ च्या दराने वर्षाला सुमारे २,२५१ पौंड होतो. शेजाऱ्यांच्या घरात १,१८,००० पौंड येतात आणि भत्ता पूर्ण त्यांच्याकडे राहतो; आपल्या घरात त्यांच्यापेक्षा ३८,००० पौंड कमी येतात आणि भत्त्यातला एक पेनीही उरत नाही. अमुक उत्पन्नाच्या वर भत्ता नको, असे ज्यांचे प्रामाणिक मत आहे त्यांनाही या निकालाचे समर्थन करता येणार नाही.

हे असे का झाले, ते पाहण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये १९९० पासून पती-पत्नीची करआकारणी स्वतंत्र आहे. पतीचे विवरणपत्र पत्नीला दाखवावे लागत नाही आणि पत्नीचे पतीला. करखात्याकडे 'घरा'चे उत्पन्न अशी नोंदच नाही. ऑस्बोर्न यांना सधन 'घरां'चा भत्ता काढायचा होता, पण हाताशी माहिती होती ती व्यक्तींची. म्हणून ७ जानेवारी २०१३ पासून जो कर लागू झाला तो दोघांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक त्याच्यावर बसवला गेला. त्यातून काही विचित्र परिणाम झाले. एखाद्या एकट्या आईबरोबर जोडीदार म्हणून राहू लागलेला पुरुष त्या मुलांचा बाप नसला, तरी त्याचे उत्पन्न मर्यादेपेक्षा अधिक असल्यास भत्त्यावरचा कर त्यालाच भरावा लागतो. आपल्यावर कर बसतो की नाही हे समजण्यासाठी जोडीदाराचे उत्पन्न विचारावे लागते, म्हणजे १९९० साली मिळालेली मोकळीक मागच्या दाराने अर्धी काढून घेतल्यासारखेच झाले.

सुरुवातीची मर्यादा ५०,००० पौंड होती, आणि ६०,००० ला भत्ता संपत असे. २०१३-१४ मध्ये चाळीस टक्क्यांचा कर ४१,४५० पौंडांपासून लागे, त्यामुळे हा भुर्दंड फक्त वरच्या दराने कर भरणाऱ्यांवर पडतो असे म्हणता येत होते. पण ती मर्यादा अकरा वर्षे जागची हलली नाही. २०२१ मध्ये चाळीस टक्क्यांचा दर ५०,२७० पौंडांपासून सुरू होऊ लागला, आणि मूळ दरानेच कर भरणारे काही लोकही 'उच्च उत्पन्न' गटात मोजले जाऊ लागले! एप्रिल २०२४ मध्ये मर्यादा ६०,००० ते ८०,००० अशी झाली. त्याच वेळी सरकारने घराच्या एकत्रित उत्पन्नावर ही आकारणी नेण्याचे आश्वासन दिले होते; त्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये नव्या सरकारने खर्चाचे कारण देऊन ते मागे घेतले. म्हणून या बाबतीत नजीकच्या काळात फार आशा ठेवू नका.

आता वाट. ६०,००० च्या वरच्या प्रत्येक २०० पौंडांमागे भत्त्याचा एक टक्का परत जातो. दोन मुले असलेल्या घरात ही गळती उत्पन्नाच्या सुमारे ११ टक्के पडते. इंग्लंडमध्ये चाळीस टक्के प्राप्तिकर आणि दोन टक्के नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापला जाणारा सरकारी विम्याचा हप्ता) धरला, तर या टप्प्यात वाढीव कमाईच्या प्रत्येक पौंडातले ५३ पेन्स जातात. तीन मुले असतील तर ५७ पेन्सहून अधिक. स्कॉटलंडमध्ये प्राप्तिकराचे दर वेगळे असल्याने तिथला आकडा आणखी वेगळा येतो. मात्र येथे विचारात घेतले जाते ते नुसते पगाराचे उत्पन्न नव्हे. निवृत्तिवेतन योजनेत आपण भरलेली रक्कम आणि काही देणग्या त्यातून वजा होतात. समजा, एखाद्याचे उत्पन्न ६६,००० पौंड आहे. त्याला भत्त्याचा ३० टक्के भाग, म्हणजे दोन मुलांमागे सुमारे ६७५ पौंड परत द्यावे लागतील. त्याने वैयक्तिक पेन्शन योजनेत खिशातून ४,८०० पौंड भरले, तर त्यात करसवलतीचे १,२०० पौंड जमा होऊन ६,००० धरले जातात, हिशेबाचे उत्पन्न ६०,००० वर येते आणि पूर्ण भत्ता त्याच्याकडे राहतो. आपल्या बाबतीत पूर्ण भत्ता वाचवायला याच रीतीने २०,००० ची तजवीज करावी लागेल, जी दोन लहान मुलांच्या घरात बहुधा शक्य होणार नाही. पण जितके भराल तितक्या प्रमाणात भत्ता परत मिळेल. कंपनीत पगाराच्या बदल्यात पेन्शन घेण्याची सोय असल्यास ती आधी विचारून पाहा.

एक सूचना. भत्ता घेतला आणि कर कळवायचा राहिला, तर थकबाकीबरोबर दंडही लागू शकतो. पूर्वी त्यासाठी नोकरदारालाही सेल्फ असेसमेंटचे, म्हणजे आपला कर आपणच मोजून कळवण्याचे, विवरणपत्र भरावे लागे. २०२५ पासून ही रक्कम पगारातूनच वळती करून घेण्याची सोय झाली आहे.

प्रश्न : माझे यजमान ९०,००० पौंड कमावतात, त्यामुळे मुलगी झाल्यावर आम्ही या भत्त्याचा अर्जच केला नाही. एका मैत्रिणीने सांगितले की हे चुकले. मी नोकरी करीत नाही. — एक वाचक, लेस्टर

मैत्रीण बरोबर सांगते आहे. अर्ज करावा, आणि त्यातच 'भत्त्याचे पैसे नकोत' हा पर्याय निवडावा. मग कर भरण्याचा प्रश्न येत नाही आणि अर्जाचा खरा लाभ आपल्याकडे राहतो. मूल बारा वर्षांचे होईपर्यंत, ज्याच्या नावाने अर्ज असेल त्या पालकाच्या नॅशनल इन्शुरन्स खात्यात दरवर्षी हप्ता भरल्यासारखी नोंद होते. सरकारी निवृत्तिवेतन पूर्ण मिळण्यासाठी अशी ३५ वर्षे लागतात आणि काहीही मिळण्यासाठी सहसा किमान दहा. २०२५-२६ मध्ये पूर्ण निवृत्तिवेतन आठवड्याला २३०.२५ पौंड होते. म्हणजे गमावलेल्या एका वर्षाची किंमत म्हातारपणी दरवर्षी सुमारे ३४० पौंड होते, आणि ती आयुष्यभर.

म्हणूनच अर्ज आपल्या नावाने असावा. यजमानांच्या नोकरीतून त्यांचे हप्ते आधीच जमा होत आहेत, त्यांना या नोंदीचा उपयोग नाही. सधन घरांतला भत्ता बंद करताना, घरी राहून मूल सांभाळणारीच्या वृद्धापकाळालाही त्यातून धक्का बसू शकतो, ही गोष्ट कायदा करणाऱ्यांनी ठळकपणे पुढे आणली नाही. अर्ज असल्यास मुलीला सोळाव्या वर्षाच्या सुमारास नॅशनल इन्शुरन्स क्रमांकही आपोआप मिळतो.

प्रश्न : ब्रिटनमध्ये सर्वांना भत्ता योग्य, असे तुमचे मत असेल, तर मग महाराष्ट्रात 'लेक लाडकी' योजनेला शिधापत्रिकेच्या रंगाची अट कशाला? — एक वाचक, नाशिक

'लेक लाडकी' योजना १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलींसाठी आहे. पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेच्या घरात मुलगी जन्मली की ५,००० रुपये, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ७५,००० असे मिळून १,०१,००० रुपये मिळतात.

माझे ब्रिटनबद्दलचे मत एका गृहीतावर उभे आहे : श्रीमंताला दिलेला भत्ता सरकार त्याच्या प्राप्तिकरातून वसूल करू शकते. आपल्याकडे तो आधार नाही. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून बारा लाख रुपयांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर लागत नाही, आणि शेतीचे उत्पन्न तर कितीही असले तरी करमुक्तच. सर्वांना सारखे वाटून वरच्यांकडून कराने परत घेऊ म्हटले, तर परत देणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच सापडतील. त्यामुळे येथे अट असणे मला मान्य आहे. मात्र अट घातली की तिची पडताळणीही घालावी लागते. 'लाडकी बहीण' योजनेत अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा आहे, घरात चारचाकी नको पण ट्रॅक्टर चालेल असा नियम आहे. तरी अपात्र लाभार्थी सापडले, आणि मग केवायसी करण्यासाठी सरसकट सगळ्याच बहिणींची दगदग झाली. शिधापत्रिकेचा रंग ही निदान आधीच झालेली तपासणी आहे. मात्र 'लेक लाडकी'त त्याशिवाय वर्षाला एक लाख रुपयांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखलाही लागतो. तो रंगच काही घरांत चुकीचा आहे, ही तक्रार खरी आहे, पण तिचे उत्तर पुरवठा विभागाने द्यायचे आहे.

मुलांच्या शाळेची फी जुन्या करप्रणालीत, दीड लाखाच्या एकूण मर्यादेत, करपात्र उत्पन्नातून वजा होत आली आहे, आणि तीही दोन मुलांपर्यंत. म्हणजे मुलांसाठी सधन घरांना सवलत आपल्याकडेही आहे. तिला आपण भत्ता म्हणत नाही, इतकेच.

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरीच्या व्हिसावर मँचेस्टरमध्ये आहोत, नियमित कर भरतो. आम्हाला हा भत्ता मिळेल का? — एक वाचक, मँचेस्टर

सहसा नाही. आपल्या व्हिसावर सार्वजनिक निधीतून लाभ न घेण्याची अट असते आणि हा भत्ता त्या निधीत मोडतो. चुकून घेतल्यास पुढच्या व्हिसा अर्जात अडचण येऊ शकते, तेव्हा कार्यालयातल्या सहकाऱ्याच्या सांगण्यावरून अर्ज करू नका. दोघांपैकी एक जण ब्रिटिश नागरिक असेल किंवा त्याला कायम वास्तव्याचा परवाना मिळालेला असेल, तर त्याच्या नावाने अर्ज करता येतो. परवाना हाती पडला की दिरंगाई करू नका, कारण मागची थकबाकी जास्तीत जास्त तीन महिन्यांचीच मिळते, आणि तीही परवान्याच्या तारखेच्या आधीची नाही.